किरशानची पाळी

"देवाचं नंतर बघू, आधी चहा ठेव." कोंग ऐतिमोन कुणाच्याही दारात पाऊल टाकता टाकता हे म्हणायची. घर बाळंतिणीचं असो, मयताचं असो, की दोन बहिणींत शेतावरून जुंपलेली असो. मग ती चुलीपाशी बसायची, कमरेच्या पिशवीतून सुपारी आणि पान काढायची, घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवायची आणि गप्प राहायची. लोक आपोआप बोलू लागत.

ती साऱ्या गावाची थोरली बहीण, म्हणून कोंग. माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. मला ती शेवटपर्यंत 'हेप' म्हणायची, धाकट्याला म्हणतात तसं. माझे केस पिकले तरी.

आमचं गाव डोंगराच्या पाठीवर आहे. खाली पाइनचं रान, वर बटाट्याची शेतं, आणि मधोमध पत्र्याच्या छपराचं आमचं पांढरं चर्च. आत क्रूस नाही. पाद्रीही नाही. भिंतीवर एक ज्योत रंगवलेली आहे, तिचा रंग दर पावसाळ्यात जातो आणि दर हिवाळ्यात आम्ही तो पुन्हा देतो. रविवारची उपासना घराघराने पाळीने चालवायची. ज्याची पाळी त्याने पुढे उभं राहायचं, चार शब्द बोलायचे, माय-बाप देवाची प्रार्थना करायची. कुणाला ग्रंथातलं सुचतं, कुणाला बटाट्यातलं. दोन्ही चालतं.

बाजारात पलीकडच्या मोठ्या चर्चच्या बायका चिडवायच्या, "तुमच्यात पाद्रीच नाही, मग चुकलं तर ओरडतं कोण गं?"

"मी," ऐतिमोन म्हणायची.

ती घरातली सगळ्यात धाकटी मुलगी, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे आईचं घर तिच्याकडे आलं. लग्न करून तिच्याकडे राहायला आलेला नवरा पाच वर्षांत स्वतःच्या आईकडे परत गेला. मुलगी झाली नाही. मुलगा झाला, किरशान. आमच्यात घर मुलीच्या पदराने पुढे जातं. तेव्हा हे घर ऐतिमोनबरोबर संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाही. ती म्हणायची, "घर संपू दे. पोरगा तर आहे." किरशान गाणारा होता. त्याची पाळी असली की बायका पुढच्या बाकांवर जागा धरत.

लागोपाठ दोन वर्षं बटाट्यावर करपा पडला. किरशान नदीपलीकडच्या कोळशाच्या खाणीत जाऊ लागला. सरळ खाली विहिरीसारखा खड्डा, आणि तळाशी चहूकडे गेलेली बिळं. माणसाने आडवं होऊन सरपटत जायचं. एका दुपारी शेजारच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणीतलं पाणी भिंत फोडून आत शिरलं. खाली पाच जण होते. चौघे खालच्या सपाट मुलुखातले मजूर आणि आमचा किरशान.

सतरा दिवस पंप चालले. अठराव्या दिवशी पंप गाडीत चढवून नेले.

ऐतिमोन खड्ड्याच्या तोंडाशी बसली ती बसलीच. तिच्याबरोबर मोमिरन होती, खालच्या मुलुखातल्या एका मजुराची बायको, वीस-बावीसची. ती अल्लाचं नाव घेणारी, ही आमच्या चर्चची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मोडक्या हिंदीत चार शब्द, बाकी नुसतं शेजारी बसणं.

लोक भेटायला येत. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. ऐतिमोन त्याच्या पायाशी पानाचा लाल थुंका टाकून मोकळी झाली. आमच्यात माणूस गेला की म्हणतात, तो देवाच्या दारात सुपारी खायला गेला. माझ्या बायकोच्या तोंडून ते अर्धं निघालं, तर ऐतिमोनने तिचं मनगट धरलं. "प्रेत बघितलंस तू? मग गप्प बस."

आमच्या चर्चचं काम बघतो तो ओरलिन, माझ्याच वयाचा, शाळेत मास्तर होता. तो आला तेव्हा तिने विचारलं, "तुझा देव कुठे होता रे त्या दुपारी?"

ओरलिन म्हणाला, "मला माहीत नाही, कोंग."

"मग इतकी वर्षं पुढे उभा राहून सांगत काय होतास?"

"जेवढं माहीत होतं तेवढंच."

तिने त्याला हाकलून दिलं नाही एवढं खरं. तो तिथेच खाली बसला. दुसऱ्या दिवशी मी बसलो. तिसऱ्या दिवशी माझी बायको. कुणी ठरवलं नव्हतं, पण चर्चमधलं एकेक घर रोज कुणी ना कुणी पाठवू लागलं. भात, सुक्या मासळीची चटणी आणि काळा चहा घेऊन. मोमिरन दोन घास खायची. ऐतिमोनचा भात तसाच राहायचा.

तेविसाव्या दिवशी ती शिडीने खाली उतरली. खड्ड्याच्या भिंतीला लाकडी पायऱ्या ठोकलेल्या असतात. ती चाळीस पायऱ्या गेली. मोमिरन वरून किंचाळली म्हणून आम्हाला कळलं. माझा भाचा उतरला आणि तिला पाठीवर बांधून वर घेऊन आला. वर आल्यावर ती त्याला म्हणाली, "आज आणलंस. उद्या कोण आणेल?"

तेव्हा आम्हाला कळून चुकलं की किरशान तर गेला, आता प्रश्न हिचा आहे. रोज सकाळी डोळा उघडला की पहिला विचार हाच: ऐतिमोन वर आहे की खाली?

त्या रविवारी माझ्या बायकोने तिला जवळजवळ ओढतच चर्चमध्ये आणलं. उपासना संपली. शेवटी ओरलिन भिंतीवरच्या यादीतून पुढच्या रविवारची पाळी वाचतो. यादी तीन-तीन महिन्यांची असते. ही पाणी शिरण्याच्या आधी झालेली. वीस वर्षं तो एकाच सुरात, अर्धे डोळे मिटून वाचत आला आहे. तसंच वाचलं.

"पुढच्या रविवारी, किरशान."

नाव तोंडातून गेल्यावर त्याला कळलं. त्याने कागदाची घडी घातली.

ऐतिमोन बाकावरून म्हणाली, "बरोबर आहे. त्याची पाळी आहे. येईल तो."

तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही. तिने त्याचा पांढरा सदरा धुतला, वाळवला, निखाऱ्याची इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. खाणीवर जाताना घराचं दार उघडं टाकू लागली, येईल म्हणून. आम्ही ओरलिनवर तुटून पडलो.

"नाव खोड त्या यादीतून!" मी म्हणालो. "मास्तर होतास ना? एक रेघ ओढता येत नाही?"

"तू ओढ," त्याने पेन पुढे केलं.

मी पेन हातात घेतलं. ते परत दिलं.

रविवार आला. गावातलं प्रत्येक माणूस आलं. जे कधी यायचे नाहीत तेही. मोमिरनही आली, शेवटच्या बाकावर डोकं झाकून बसली. ऐतिमोन पहिल्या बाकावर, मांडीवर सदरा. पुढची जागा रिकामी. आमची रीत अशी की ज्या घराची पाळी, त्या घराने सुरुवात केल्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही. आम्ही बसून राहिलो. कोवळं ऊन खिडकीतून आत आलं, सरकत सरकत बाकांवर चढलं. पोरं रडली, बायकांनी बाहेर नेली, परत आणली. ओरलिन मान खाली घालून बसला होता. ऐतिमोन दाराकडे बघत होती. पायरीवर कुत्रं खुडबुडलं तरी तिची मान वळायची.

दीड तास झाला असेल. ती उठली. सदरा बाकावर ठेवला, पुढे जाऊन उभी राहिली.

"पाळी माझ्या घराची आहे," ती म्हणाली. "घरात आता मीच आहे."

मग हात जोडले. "माय-बाप देवा..." आणि तिथेच थांबली. पुन्हा म्हणाली, "माय-बाप देवा." पुढे काही येईना. तोंड उघडायचं, मिटायचं. शेवटी डोळे उघडून आमच्याकडे बघून म्हणाली, "माझ्याजवळ देवाला सांगायला काही नाही. त्याने यावं आणि मला सांगावं. मी उभी आहे."

कुणी तिला थांबवलं नाही. आमच्यात थांबवत नाहीत. मागून मोमिरन उठली, बाकांमधून चालत पुढे आली आणि ऐतिमोनच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. दोन्ही तळवे उघडे धरले आणि तिच्या भाषेत, तिच्या देवाला काही म्हणू लागली. शब्द एकही कळला नाही. मध्ये एकदा तिच्या नवऱ्याचं नाव आलं. आणि मग 'किरशान' आलं.

ऐतिमोन ज्योतीखालीच बसली. म्हणाली, "ते सुपारीचं माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही म्हणा. मी ऐकते."

आधी ओरलिनचा आवाज फुटला. मग सगळे म्हणालो, की किरशान देवाच्या दारात सुपारी खात आहे. ती ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती जी ओरडली, ते ऐकून रानातले पक्षी उडाले. महिन्याभरात तिच्या डोळ्याला पहिल्यांदा पाणी आलं. आम्हाला बरं वाटलं असं नाही म्हणणार मी. आम्ही सगळेच त्या दिवशी मोडून घरी आलो. पण तिने त्या दुपारी माझ्या बायकोच्या हातचा भात खाल्ला, मुकाट्याने, सगळा.

दोन दिवसांनी पहाट सरल्यावर ती पाठीवर टोपलं, कपाळाला टोपल्याचा पट्टा अशी निघालेली दिसली. वाट खाणीची. मी धावत जाऊन तिला गाठलं.

"कोंग, कुठे?"

"घाबरू नकोस, हेप, शिडी मोजायला नाही चालले. मोमिरन तिथे एकटी आहे. तिला तिच्या आईकडे पोचवते. तिला ना बसवाल्याशी बोलता येतं, ना तिकिटाचं कळतं."

"आणि तुला खालची भाषा येते?"

"नाही येत. दोघी मिळून हरवू."

"परत कधी येशील?"

ती पट्टा कपाळावर नीट करत राहिली. "या वेळी दार लावून आलेय," एवढंच म्हणाली.

मी तिथेच थांबलो. ओरलिनही मागून आला होता, चप्पल न घालता. बटाट्याच्या शेतातल्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. खाणीच्या फाट्यावर मोमिरन बोचकं घेऊन वाट बघत होती. ऐतिमोनने कमरेच्या पिशवीतून काहीतरी काढून तिच्या हातावर ठेवलं, आणि दोघी खालच्या रस्त्याला लागल्या. वळणावर ऐतिमोनने खाणीच्या दिशेला एकदा मान वळवली. पाय थांबवले नाहीत. पाइनच्या झाडांआड टोपलं दिसेनासं झालं तरी आमच्यातलं कुणी हललं नाही.