तुझं तसं नाही

मी ट्रे धरून उभी होते आणि सेल्वी खुर्चीवर बसली होती. ज्या खुर्च्या आम्ही दोघी रोज पुसायचो, त्यातल्याच एका खुर्चीवर. मॅडमनं तिला हाताला धरून बसवलं होतं. समोर मॅडमच्या देशातून त्यांच्याकडं राहायला आलेला वकील. तिकडे युरोपात तो निर्वासितांचे खटले लढवायचा. सेल्वीला विचारत होता, गावात काय झालं, घर कोणी जाळलं, भावाला कोण उचलून घेऊन गेलं. सेल्वी मोडक्या इंग्रजीत सांगत होती. मध्येच रडली. मॅडमनं तिला आपला रुमाल दिला.

मला काय झालं कोण जाणे. ट्रे टेबलावर ठेवला आणि मी बोलले, "सर, माय ब्रदर आल्सो. माय व्हिलेज आल्सो."

वकिलानं माझ्याकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. ही कुठली म्हणून त्यानं मॅडमना विचारलं. इंडिया, मॅडम बोलल्या. मग लहान मुलाची समजूत घालावी तसा मला बोलला, "नो, नो. युवर केस इज डिफरंट. यू केम फॉर वर्क."

तुझं तसं नाही. तू कामाला आलीस. म्हणजे पोटासाठी.

मॅडम हसल्या आणि कॉफी थंड होतेय म्हणाल्या. मी कॉफी ओतली.

कुवेतचं युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. बहारीनला अदलियात हा बंगला. साहेब कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सेल्वी श्रीलंकेची, जाफन्याकडची तमिळ. मी रायगडातल्या एका खेड्यातली. बौद्धवाडीतली. मागच्या अंगाला एक खोली होती, त्यात आम्ही दोघी झोपायचो. एकमेकींशी हिंदी, इंग्रजी, अरबी, जे सापडेल ते बोलायचो. तोवर आमचं बरं चाललेलं.

माझ्या गावात काय झालं ते इथंच सांगते, कारण त्या हॉलमध्ये मला सांगू दिलं नाही. जयंतीची मिरवणूक आमच्या पोरांनी पहिल्यांदा गावातल्या मोठ्या रस्त्यानं नेली. माझा थोरला भाऊ पुढं, हातात बाबासाहेबांचा फोटो. गावानं आधी दगड मारले, मग काठ्या. भावाचा उजवा हात कोपरात असा मोडला की तो परत सरळ झालाच नाही. आमच्या गवताच्या उडव्या जाळल्या. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवाला आमचं दळण घेईना. दुकानदार मीठ देईना. शेतावर कामाला कोणी बोलवेना. पोलीस आले, सरपंचाकडं चहा प्याले आणि आपसात मिटवा म्हणून गेले. भाऊ चौकीवर गेला, तर त्याला तिथनं हाकललं. शेजारच्या मोहल्ल्यातल्या खतीजाभाभी बहारीनला असायच्या, हिद्दला त्यांचं शिलाईचं दुकान. त्यांनी माझा व्हिसा काढून दिला.

म्हणजे मी पोटासाठी आले. बरोबर आहे. पण माझ्या पोटावर पाय कोणी दिला होता?

त्या दिवसापासून दुपारच्या वेळी वकील सेल्वीला शिकवायला लागला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅडम तिला आपल्यासोबत देशाला नेणार होत्या. तिथं उतरल्यावर तिनं आसरा मागायचा. सेल्वी हॉलमध्ये बसायची आणि तिच्या वाटणीचे कपडे मी इस्त्री करायची. हॉलचं दार उघडंच असायचं. मी सगळं ऐकायची. तिथं पोचलीस की तुला लगेच परत पाठवता येत नाही. आधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं. तुझ्या भाषेतला माणूस तुला देतात. नाही म्हणाले तर तुला वर दाद मागता येते. दरवाजे हल्ली बंद करायला लागलेत, वकील चिडून बोलायचा, पण अजून कायदा आहे. आणि एक गोष्ट तो पुन्हापुन्हा सांगायचा, तुझे कागद तुझेच, ते दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देऊ नको.

तुझ्या भाषेतला माणूस. हे ऐकलं आणि माझ्या हातातली इस्त्री थांबली. आमच्या पोलीस चौकीत माझी भाषा बोलणारे सगळेच होते. एकानंही ऐकलं नव्हतं.

माझा जळफळाट व्हायचा. सेल्वी खोलीत आली की मी भिंतीकडं तोंड करून पडायची. तिच्याकडं जाळपोळ होती, लष्कर होतं, नकाशावर दाखवता येईल असं युद्ध होतं. माझ्याकडं काय? बंद गिरणी. मला वाटायचं, आमच्या वाडीवर विमानातून बॉम्ब पडला असता तर बरं झालं असतं. कोणीतरी माझ्यापुढंही रुमाल धरला असता. सेल्वी एकदा बोलली, तूही सांग ना मॅडमला. मी बोलले, "तू गप. तुझं झालं ना?" तिचा भाऊ खरंच परत आला नव्हता, हे मला माहीत होतं. तरी तिला खुर्ची मिळाली आणि मी उभी, एवढंच मला दिसत होतं.

सुट्टी जवळ आली. एका सकाळी नाश्ता वाढताना मॅडम सहज बोलल्या, घर बंद राहणार, तर तुला मी अरादच्या माझ्या मैत्रिणीकडं देऊन जाते. तिची बाई पळून गेलीय. पासपोर्टही तिच्याकडंच ठेवते, म्हणजे काळजी नको.

देऊन जाते. घरातलं कुत्रंही त्या एका शेजाऱ्याकडं देऊन जाणार होत्या. त्याच सुरात.

आल्या दिवसापासून माझा पासपोर्ट साहेबांच्या कपाटात होता. सगळ्याच बायांचा असायचा. त्यात काही चुकीचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. त्या घरातच मला ते कळलं, इस्त्री करता करता. वकील समोरच पाव खात होता. सेल्वी ओट्याशी उभी होती.

मी बोलले, "मॅडम, मला कोणाकडं देऊ नका. माझा पासपोर्ट द्या."

मॅडम बोलल्या, अगं तुझ्या सेफ्टीसाठीच ठेवलाय. इथं सगळे असंच करतात.

मी वकिलाकडं बोट केलं. "सर टोल्ड सेल्वी. ज्याचे कागद त्याचे. आय आल्सो हर्ड."

वकील लाल झाला. खाली मान घालून पावाला लोणी लावत राहिला. एका शब्दानं त्यानं मॅडमना सांगितलं नाही की ही बरोबर बोलतेय. तेवढं बघितलं आणि माझी भीती गेली. मी एप्रन सोडला, घडी केली, खुर्ची ओढली आणि त्यांच्याच टेबलाशी बसले. पासपोर्ट मिळेपर्यंत उठणार नाही म्हणाले.

मॅडम ओरडल्या नाहीत. किती केलं तुझ्यासाठी, एवढंच बोलल्या. जुने कपडे दिले, ईदला चॉकलेट दिलं. मी बसूनच राहिले. साहेब ऑफिसला निघता निघता परत फिरले, कपाट उघडलं, पासपोर्ट टेबलावर टाकला. दुसरीकडं काम करायला मोकळीक देणारा रिलीजचा कागदही दिला. कटकट नको होती त्यांना.

पिशवी घेऊन निघाले तेव्हा सेल्वी मागच्या दाराशी आली. तिनं माझा हात धरला. मी सोडवून घेतला.

हिद्दला भाभींकडं गेले. भाभी बोलल्या, "खलास. आता जेव आधी." वर्षभर त्यांच्या दुकानात काजं-बटणं केली. तिथंच सेल्वीची चुलत बहीण भेटली. तिच्याकडनं कळलं, सेल्वी तिकडं छावणीत आहे. काम करायला परवानगी नाही. पुन्हापुन्हा बोलावून तेच प्रश्न विचारतात, तारखा जुळत नाहीत म्हणतात. शेवटी त्यांनी तिला नाही म्हणून सांगितलं. मॅडम एकदाच भेटायला गेल्या होत्या. सेल्वीनं वर दाद मागितली होती.

बहीण डोळे पुसत होती. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला हेवा वाटला. तिला नाही म्हणण्यासाठी तरी त्यांना तिचं सगळं ऐकावं लागलं. तिला दाद मागायला वरती कोणीतरी होतं.

मग माझ्या मनात आलं, आपल्याकडंही कायदा आहे. अ‍ॅट्रॉसिटीचा. बाबासाहेबांनी घटना लिहिली ती काय फोटोला हार घालण्यापुरती? मी आसरा शोधत वाळवंटात आले, आणि ज्या चौकीनं आम्हाला हाकललं तिच्या दारात मी स्वतः एकदाही उभी राहिले नव्हते.

मी गावी परतले. गिरणी अजून बंदच होती आमच्यासाठी. मी भावाला घेऊन चौकीत गेले. हवालदार बोलला, "तुम्ही आता फॉरेनवाल्या. कशाला जुनं उकरता?"

मी बोलले, "जुनं नाही. काल परत पाठवलंय दळण. लिहून घ्या."

त्यानं लिहिलं नाही. मी बाकावर बसले. संध्याकाळी उठवलं. सकाळी परत गेले. असं करत करत त्यानं लिहिलं. केस उभी राहिली. साक्षीदार फुटले. आमच्या वाडीतलेही फुटले, त्यांना इथंच राहायचं होतं. सगळे आरोपी सुटले, गावानं फटाके वाजवले.

भाऊ म्हणतो, पुरे झालं. वाडी म्हणते, पुन्हा बहारीनला जा, चार घास सुखाचे खा. मी जाणार नाही. वरच्या कोर्टात अर्ज टाकलाय. तिथं हरले तर त्याच्या वर जाईन. ह्या गावात, माझ्या भाषेत, मला काय झालं ते मी सांगणार, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय मी कोणालाही जागचं हलू देणार नाही.