जाऊबाईंचा आळस

माझं माहेर गोंदिया शहरातलं आणि सासर तिरोड्याजवळच्या एका खेड्यातलं. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. सासरी धानाची शेती होती. घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आणि भासऱ्यांची बायको, माझ्या जाऊबाई. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते.

पहिल्या रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाऊबाईंनीच मला बांधीत, चिखलाच्या खाचरात, उतरवलं. मला चिखलाची सवय नव्हती. पाय रुतायचे, कंबर धरायची. त्या शेजारी वाकून पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंढी सोडायच्या आणि बोलता बोलता माझ्या वाटणीची ओळही लावून पुढे निघायच्या. गावात त्यांच्यासारखा चपळ हात दुसऱ्या कोणाचा नव्हता.

पुढच्या वर्षी त्यांना दुसरा मुलगा झाला. बाळंतपण सुखरूप झालं. पण महिने गेले तरी त्या पूर्वीसारख्या उठल्या नाहीत. भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि त्या तव्याकडे बघत बसायच्या. चैत्राच्या उन्हातही अंगावर चादर घ्यायच्या. तोंड सुजल्यासारखं दिसायचं, भुवया कडेनं विरळ झाल्या होत्या, विंचरताना केसांचा गुंता हातात यायचा. आवाज घोगरा झाला होता. एकदा विहिरीवर त्यांनी मला हळूच सांगितलं, "पाळी आली का थांबतच नाई. मंग तीन-तीन महिने पत्ता नसते. कोनाले सांगू?"

घरात मात्र या सगळ्याला एकच नाव होतं. आळस. भासरे वाईट माणूस नव्हते, पण शेतातून आल्यावर पाण्याचा गडू समोर आला नाही की म्हणायचे, "दिवसभर का करून राहते तू? काऊन बसून राहिली?" आत्याबाई शेजारणीजवळ म्हणायच्या, "दोन पोट्टे झाले न सून फुगली." शेजारणीनं एका बाबाचा अंगारा आणून दिला. तो दंडाला बांधला. फरक पडला नाही, तेव्हा बाबाचं काही चुकलं असं कोणी म्हटलं नाही. जाऊबाईंचाच विश्वास कमी पडला असं ठरलं.

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्याच ते खरं मानायला लागल्याची. एका दुपारी चुलीवरचं दूध उतू गेलं. त्या समोरच बसल्या होत्या. मी धावत जाऊन पातेलं उतरवलं. त्या म्हणाल्या, "मीच आळशी हाय वो. मले दिसत होता का दूध वर येऊन राहिला. हात उचलत नव्हता." आळशी माणूस असं बोलत नाही, एवढं मला कळलं.

माहेरी माझ्या आईच्या ओळखीची एक डॉक्टरीणबाई होती. बाजाराजवळच्या एका घरात खाली दवाखाना, वर राहायची. मी भासऱ्यांना म्हटलं, आई आजारी आहे, जाऊबाईंना सोबत न्यायचं आहे. त्यांनी मान हलवली. आम्ही दोघी तिरोड्याहून आगगाडीनं गोंदियाला गेलो.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरीणबाई हिंदी बोलायची. मी तिला सगळं सांगितलं, घरात आळशी म्हणतात तेसुद्धा. तिनं जाऊबाईंचे डोळे पाहिले, गळ्याखाली बोटांनी चाचपलं, पाणी गिळायला लावलं, टाचा पाहिल्या. मग खुर्चीवर पाय सोडून बसवलं आणि गुडघ्याखाली लहानशा हातोडीनं टकटक केलं. पाय उडाला आणि अगदी सावकाश खाली आला. मला ते विचित्र वाटलं, पण हवं ते सापडल्यासारखा तिचा चेहरा उजळला.

"इन्हें आलसी किसने कहा?" तिनं विचारलं.

जाऊबाईंनी पदर पुढे ओढला.

मग तिनं समजावून सांगितलं. गळ्यात एक ग्रंथी असते. तिचा रस रक्तात जातो आणि त्यावर सगळं शरीर चालतं: ऊब, झोप, केस, पाळी, मनसुद्धा. बाळंतपणानंतर काही बायकांची ती ग्रंथी मंदावते. "दिवा विझला नाही, वात खाली गेली आहे," असं ती हिंदीतून म्हणाली. जाऊबाईंनी विचारलं, असं आणखी कोणाला होतं का. डॉक्टरीणबाई दाराकडे बोट दाखवून म्हणाली, बाहेर बसलेल्यांपैकी किती जणी अशाच कशासाठी तरी आल्या आहेत, बघ. कोणाचा गळा सुजलाय, कोणाची पाळी महिनोन्महिने येत नाही, कोणाला हनुवटीवर केस आलेत. सगळ्या पदर ओढून येतात आणि प्रत्येकीला वाटतं, हे फक्त माझंच.

मग ती माझ्याकडे वळली. "और तुम्हें?"

मला पाळी तीन-चार महिन्यांनी यायची. लग्नाला दोन वर्षं होऊन मूल नव्हतं. मी हे आईलाही सांगितलं नव्हतं. त्या खोलीत, जाऊबाईंच्या समोर, मी ते पहिल्यांदा बोलले. जाऊबाईंनी माझा हात धरला आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

त्यांना गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, बहुतेक जन्मभर. निघताना डॉक्टरीणबाईनं एक गोष्ट लपवली नाही. गोळ्या जनावराच्या ग्रंथीपासून केलेल्या आहेत, तुमच्या घरी चालत नसेल तर आधीच सांगा, मध्येच बंद करू नका.

हीच अडचण होती. आत्याबाईंनी गुरू केला होता. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नसे. जाऊबाई गाडीत म्हणाल्या, "नोको सांगू. मी लपवून खाईन." मला ते पटलं नाही. जन्मभर काय काय लपवणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं, आई आजारी नव्हती हेसुद्धा. त्या सुपातले खडे वेचत राहिल्या. मला वाटलं, आता उठून जातील.

"माह्यी लहान बहीण होती," त्या म्हणाल्या. "तिचा बी असाच. थंडी वाजे, झोप येई, बोलता बोलता गप्प होई. सासरच्यानं कामचुकार म्हणून माहेरी आणून टाकला. आमच्या मायनं बी तिले बोलबोल बोलला. मी बी बोलली."

"मग?"

"मंग का? दोन वर्षांत गेली. सुजून गेली होती पूर्ण." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "गोळी चुलीवर शिजवा लागते का?"

"नाही. पाण्यासंगं गिळायची."

"तं मंग माह्या चुलीचा का संबंध? दे तिले. न तुह्या भासऱ्याले मी सांगतो."

त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. त्या संध्याकाळी भासऱ्यांनी स्वतः गडू भरून घेतला आणि जाऊबाईंजवळ येऊन बसले.

फरक एकदम दिसला नाही. आधी चादर गेली. मग एका सकाळी त्यांनी अंगण झाडलेलं दिसलं. तोंडाची सूज उतरली, तेव्हा धाकटा मुलगा त्यांच्याकडे टक लावून बघत होता, जणू आईची ओळख नव्यानं होत होती. आवाज काही पूर्ण मोकळा झाला नाही. गोळ्या संपत आल्या की भासरे आठवणीनं गोंदियाला जायचे, आणि एकदा रस्ता पुरानं बंद होता तेव्हा दोन दिवस अडकून राहिले तरी घेऊनच आले.

मला पुढे काही वर्षांनी मुलगी झाली. ते तिनं मला दिलेल्या औषधानं की आपसूक, हे डॉक्टरीणबाईलाही सांगता आलं नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. जाऊबाई बऱ्या झालेल्या पाहून बाया यायला लागल्या. कधी ताक मागायला, कधी चाळणी परत करायला, आणि मग दारात घुटमळायच्या. एकीचा गळा सुजलेला. एकीची पाळी विशीतच बंद झालेली. एकीला मूल झालेलं नसताना छातीतून दूध यायचं आणि ती घाबरून कोणाशीच बोलत नव्हती. त्या आधी माझ्याकडे नाही, जाऊबाईंकडे यायच्या. मी कधी मोजलं नाही, पण आमच्या आळीत असं घर शोधावं लागलं असतं जिथे कोणाला काहीच नव्हतं.

त्यातली एक अजून डोळ्यांपुढे आहे. जेमतेम पंचवीसची, हनुवटीवर राठ केस, रोज पहाटे नवऱ्याच्या आधी उठून ते उपटायची. नवरा दुसरी बायको करायच्या गोष्टी करत होता. आम्ही तिला गोंदियाला नेलं. डॉक्टरीणबाईनं तपासलं आणि स्पष्ट सांगितलं, याला माझ्याकडे नेमकं औषध नाही. वजन उतरवून बघ, पाळी आली नाही तर परत ये. आणि तुझं काही चुकलेलं नाही, अशा खूप जणी माझ्याकडे येतात.

परतीच्या गाडीत ती खिडकीला टेकून बसली होती. आम्हाला वाटलं, फार निराश झाली. गंगाझरी स्टेशन मागे पडल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईनं म्हनला का असे लय येतात. खराच म्हनला का?"

"खरं," जाऊबाई म्हणाल्या.

तिनं हनुवटीपर्यंत ओढलेला पदर थोडा मागे सरकवला. हनुवटी झाकायचं ती विसरली होती, किंवा तिला गरज वाटली नसावी. मग तिनं पिशवीतून फुटाणे काढले आणि आम्हा दोघींच्या ओंजळीत घातले.