सरांना दहापैकी तीन

एफवायच्या मुलांना लिहायला शिकवायचं, असं आमच्या कॉलेजात ठरलं आणि प्राचार्यांनी ते काम एका समितीकडे सोपवलं. मी तिथेच कपाळाला हात लावला. समितीत आम्ही चौघं होतो. मी मराठीची, म्हणून अध्यक्ष. कॉमर्सचे विभागप्रमुख सर, सगळ्यांत सीनियर. केमिस्ट्रीच्या मॅडम, ज्यांना कुठल्याही गोष्टीचा तक्ता केल्याशिवाय चैन पडायचं नाही. आणि तासिका तत्त्वावर आलेली इंग्रजीची एक तरुण मुलगी. तिला आम्ही तिघं 'बाळा' म्हणायचो आणि सगळी कामं तिच्याच गळ्यात घालायचो.

आमच्याकडे एक रीत आहे. समितीच्या प्रत्येक निर्णयावर प्रत्येकाची सही लागते. एकाने जरी पेन खिशात ठेवलं तरी विषय बारगळला. मागे कधीतरी स्नेहसंमेलनाच्या वेळी कोणीतरी 'मला विचारलंच नाही' म्हणून वर्षभर रुसून बसलं होतं, तेव्हापासून ही रीत. त्यामुळे मुलांना पहिला लेख कशावर लिहायला द्यायचा, हे ठरवता ठरवता आमच्या नाकी नऊ आले. 'माझं गाव' म्हणावं, तर शहरातल्या पोरांनी काय करायचं? 'माझे वडील' म्हणावं, तर ज्याचे नाहीत त्याला उगाच दुखवायचं. 'गोदावरी' पर्यावरणवाल्यांनी आधीच पळवली होती. तीन मिसळी आणि असंख्य चहा झाल्यावर बाळा हळूच म्हणाली, "सकाळ तरी सगळ्यांना असते ना?" आणि 'माझी सकाळ' या विषयावर एकदाच्या चार सह्या पडल्या.

वर्ग मात्र झकास सुरू झाले, हे मला सांगायलाच हवं. छोट्या तुकड्या, दर आठवड्याला एक लेख, आणि शिक्षकाने तो वाचून त्या मुलाशी समोर बसून बोलायचं. एवढंच. पण ज्या मुलांनी बारावीपर्यंत फक्त फळ्यावरचं उतरवलं होतं, ती लिहायला लागली. मालेगावच्या एका मुलाने लिहिलं की पहाटे लाइट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात आणि त्या शांततेने त्याची लहान बहीण दचकून रडत उठते. सुरगाण्याकडच्या एका मुलीने थंडीत विहिरीचं पाणी कसं कोमट लागतं ते लिहिलं. विंचूरच्या एकाने लिहिलं की शर्ट कितीही धुतला तरी बसमध्ये त्याच्या शेजारी बसणाऱ्याला कळतं, याच्या घरी कांदा आहे. मी ते वाचून स्टाफरूममध्ये मोठमोठ्याने सगळ्यांना ऐकवायचे. लोक वैतागायचे. वैतागोत बापडे.

कॉमर्सच्या सरांना हे सगळं फॅड वाटायचं. "मॅडम, लिहिणं शिकवून येतं का कधी? मोठा हॉल घ्या, माइक लावा, ऑब्जेक्टिव्ह पेपर काढा. मशीन तपासेल." त्यांच्या तुकडीत ते स्वतः लेख सांगायचे आणि मुलं उतरवून घ्यायची. यावरून आमचं रोज वाजायचं. त्यात प्राचार्यांनी जाहीर केलं, की पुढच्या वर्षी छोट्या तुकड्या ठेवायच्या असतील तर समितीने चारही सह्यांची शिफारस द्यावी. नाहीतर सरांचा हॉल आणि सरांचा माइक. तुकड्या गेल्या असत्या तर बाळाचे तासही गेले असते. आणि खरं सांगते, मला स्वतःला ते वर्ग हवे होते. इतकी वर्षं शिकवल्यावर पहिल्यांदा मला माझ्या विद्यार्थ्यांबद्दल काही कळत होतं.

अशात सहामाहीच्या लेखांची एकत्र तपासणी आली. मालेगावच्या मुलाला मी दिले आठ, सरांनी दिले तीन. "सकाळचं महत्त्व कुठे आहे यात?" म्हणाले. मी भडकले. आमचा आवाज पार जिन्यापर्यंत गेला असणार, कारण शिपाईदादा दार लावून गेले. तेव्हा केमिस्ट्रीच्या मॅडमनी तोडगा काढला. "लॅबमध्ये आम्ही आधी मापं तपासून घेतो. तसं करू. आपणही चौघं 'माझी सकाळ' लिहू. ऑफिसात सगळं टाइप करून घेऊ, मुलांच्या काही लेखांत मिसळू, नावं काढून टाकू, आणि मग सगळे सगळं तपासू. कुणाचं माप कुठे चुकतंय ते कळेल."

चौघांनीही आनंदाने सह्या केल्या. प्रत्येकाला वाटत होतं, आपला लेख पहिला येणार. मी तर दोन रविवार त्यावर घालवले!

निकालाच्या दिवशी मॅडम तक्ता घेऊन उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. मालेगावचा मुलगा सगळ्यांत वर. त्यांचा स्वतःचा लेख शिक्षकांत पहिला. त्यात दूध किती आचेवर ठेवायचं, साय धरेपर्यंत कोणकोणती कामं उरकायची, असलं सगळं क्रमाने होतं आणि शेवटी दूध उतू गेलं होतं. छान होता, नाकारत नाही. मला साडेचार. बाळाने माझ्या लेखावर शेरा मारला होता, 'भाषा सुंदर. पण झालं काय?' माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मॅडम म्हणाल्या, "हा पुढचा लेख कॉमर्सच्या सरांचा. त्याला खुद्द सरांनी दिलेत दहापैकी तीन. शेरा, 'कुणाचे तरी उतरवलेले दिसते.'"

मॅडमना तक्त्यापुढे माणसं दिसत नाहीत. त्या वाचतच राहिल्या. "आणि हा लेख सरांच्या तुकडीतल्या एका मुलीचा. त्याला सरांनी दिलेत नऊ. शेरा, 'अनुभवी लेखणी.'"

झालं होतं असं, की सरांनी वर्गात सांगितलेली वाक्यं त्या मुलीने पाठ करून जशीच्या तशी उतरवली होती. 'सकाळ ही मानवी जीवनातील अत्यंत मोलाची वेळ होय' वगैरे. सरांना वाटलं, हाच आपला लेख, आणि त्यांनी स्वतःला नऊ दिले. मग आपला खरा लेख पुढ्यात आला तेव्हा त्यांना वाटलं, कुण्या पोराने आपली नक्कल केलीय.

पहिली बाळा फिसकन हसली. मग मी हसले. हसले म्हणजे काय, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. सरांनी पेनचं टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि उठले. "घ्या आता माझी सही," म्हणाले आणि गेले.

बाळाचा चेहरा पांढराफटक पडला. मॅडम मला म्हणाल्या, "जाऊन माफी मागा." मी म्हटलं, "मी? मेले तरी नाही!" आणि दुसऱ्या दिवशी गेले. माफी मागायला नव्हे, भांडायला गेले.

"सर, तीन मीही दिलेत तुम्हाला," मी दारातूनच सुरुवात केली. "आणि मला साडेचार मिळालेत. मी कुठे रुसून बसलेय?"

सरांनी मान वर केली. "साडेचार? तुम्हाला? मराठीच्या बाईंना?" त्यांच्या चेहऱ्यावर जरा तरतरी आली. "बसा. मग सांगा, माझ्या लेखात चुकलं काय?"

"त्यात तुम्ही नाही आहात. सकाळ आहे, सकाळचे फायदे आहेत, सर कुठेच नाहीत."

"मी काय असणार त्यात? उठतो, चहा करतो. झालं."

"मग तेच लिहा ना!"

"हे असलं कोण वाचणार?"

"मी वाचीन. माझं कामच आहे ते," मी म्हटलं आणि तणतणत निघून आले. सहीचं नावही काढलं नाही मी. तेवढा मान मलाही आहे.

त्याच आठवड्यात माझ्या तुकडीचा तास चालू होता. मुलं खाली माना घालून लिहीत होती. सर आत आले, कुणाकडे न बघता शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या मुलाकडून कागद मागून घेतला. पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. मी डोळे वटारले. सर लिहीत होते, खोडत होते, परत लिहीत होते. तास संपल्यावर मुलं गेली तरी सर बसूनच होते. शेवटी उठले आणि कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मी उभ्यानेच वाचला. सरांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. वर्षानुवर्षं नाइट ड्यूटी. ती पहाटे येऊन झोपायची, म्हणून सर आवाज न करता चहा करायला शिकले. पातेलं कसं उचलायचं, झाकण कसं तिरपं ठेवायचं, नळाखाली फडकं कसं घालायचं, सगळं लिहिलं होतं. आता ती रिटायर होऊन बरेच दिवस झाले. ती सरांच्याही आधी उठते आणि ओट्याशेजारीच पेपर वाचत बसते. तरी सरांचा हात झाकण अलगदच ठेवतो. ती हसते आणि म्हणते, 'अहो, वाजवा की जरा. मी जागीच आहे.' पण मला आता वाजवता येत नाही, असं सरांनी लिहिलं होतं. लेख तिथेच संपला होता.

मला रडू आलं. वर्गात रडायचा मला भयंकर राग आहे, म्हणून मी लाल पेन शोधायचं नाटक केलं.

"किती?" सरांनी विचारलं.

"आठ."

"साडेआठ करा. फडक्याचं कुणी लिहिलं नसतं."

मी साडेआठ केले. सरांनी कागद हातात घेतला, मार्क बघितले, उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग म्हणाले, "मी आजवर ढीगभर पेपर तपासले, मॅडम. माझं लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं." आणि हात पुढे केला. "द्या ती शिफारस."

त्यांनी सही केली. खाली दोन रेघा मारून, चेकवर करतात तशी. मी लेखासाठी हात पुढे केला, कारण तपासलेला प्रत्येक लेख समितीच्या फायलीला लावायचा असतो. सरांनी मात्र तो घडी करून शर्टाच्या खिशात टाकला होता.

"फायलीला झेरॉक्स देतो उद्या," ते म्हणाले. "हा घरी दाखवायचाय."