आवाजात खडी हवी

बुधवार. मी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापायला बसले होते. शेजारचे काका मोबाइल घेऊन आलेच. त्यांच्या घरात संध्याकाळी मुलीची हळद, तरी आले. गोड गळा त्यांना चालत नाही. कुठल्या तरी घोगऱ्या परदेशी बाईचं गाणं लावतात आणि डोळे मिटून मान हलवतात.

"हिला सर्दी झालीय का?" मी विचारलं.

"वहिनी, आवाजात खडी हवी. तुम्हाला कानच नाहीत."

संध्याकाळी नवरीने समोरच्या मावशींना हळदीची गाणी म्हणायला बोलावलं. कापडाच्या लूमवर काम, तिथल्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय, त्यात मावशींचा आवाज फाटलाय. पण जुनी गाणी आमच्या नवागाम वस्तीत आता त्यांनाच येतात. पहिली ओळ होते न होते तोच काकांनी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

"मावशी, तुम्ही टाळ्या वाजवा. व्हिडिओ चालू आहे."

मावशी मागे जाऊन बसल्या. नवरीचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरीला न्हाऊ घालताना मी मावशींना पाटाशेजारी बसवलं आणि दाराला आतून कडी घातली. त्यांची सगळी गाणी होईपर्यंत नवरीला पाटावरून उठू दिलं नाही. मुहूर्त जातोय म्हणून काका बाहेरून दार वाजवत राहिले.