आवाज मागच्या सीटपर्यंत

वाघोलीत आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी बजरंगशेठची होती. हे मला फ्लॅटच्या कागदपत्रांवरून कळलं नाही. बजरंगशेठनी सांगितलं, आणि भेटतील तेव्हा सांगितलं. "साहेब, तुमचं हे पार्किंग हाय ना, हिथं आमची ज्वारी असायची." माणूस कितीही घाईत असो, आधी ज्वारी ऐकायची आणि मग गाडी लावायची. कुंपणाला लागूनच त्यांचा बंगला. पुढे चार खांब, खांबांवर सिमेंटचे सिंह, आणि सिंहांच्या पहाऱ्यात उभी असलेली एक पांढरी एस्टीम.

मी निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेतली भाड्याची जागा सोडून इकडे आलो. पेठेत शेजाऱ्याने चहाला बोलावलं तर याचं काय काम निघालं म्हणून आपण सावध होतो. बजरंगशेठ मात्र येता-जाता बोलवायचे आणि काम काहीच नसायचं. गाडी दाखवायची असायची, एवढंच.

ती गाडी त्यांनी पहिला तुकडा विकला तेव्हा घेतली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. खराडीकडे कॉम्प्युटरवाल्यांच्या काचेच्या इमारती अजून यायच्या होत्या, पण दलाल आधीच येऊन बसले होते. गावात तोवर ट्रॅक्टर आणि एक खटारा जीप. त्यामुळे एस्टीम आली त्या दिवशी पेढे वाटले, लिंबं चिरडली आणि गाडी वाजतगाजत मारुतीपर्यंत नेली. तेव्हा तिच्यात कॅसेटचा टेप होता. पुढचा तुकडा गेला आणि टेपच्या जागी सीडी आली. डिकीत असा एक स्पीकर बसला की तिथे नारळ ठेवायला जागा उरली नाही. त्याच्या पुढच्या तुकड्याला पेनड्राइव्हवाला आला, त्याला निळे दिवे होते. शेत कमी होत गेलं तसा आवाज वाढत गेला. गाडी मात्र तीच. नवी का घेत नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लक्ष्मी हाय ती आपली. लक्ष्मी कुणी इकतं का?"

जमिनीलाही लोक लक्ष्मीच म्हणतात, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चहा त्यांचा होता.

मोबाइलवर फुकटात इंटरनेट मिळायला लागलं त्या वर्षी त्यांनी गाडीत टचस्क्रीन बसवला. जुन्या टेपची खाच टीचभर आणि नवा पडदा ताटाएवढा. नगर रस्त्यावरच्या दुकानदाराने डॅशबोर्ड सरळ कापला, एसीचा एक झरोका पडद्यामागे गाडून टाकला आणि वर दुसरा झरोका शाबूत आहे म्हणून समजूत घातली. किल्ली फिरवली की पडद्यावर एका भारी जर्मन गाडीचं चिन्ह उगवायचं. "हे कशाला?" मी विचारलं. "दुकानदार म्हनला, फुकाट टाकून देतो." त्यांची दुकानदाराला अट एकच होती, आणि ती त्यांनी मला अभिमानाने ऐकवली: आवाज मागच्या सीटपर्यंत गेला पाहिजे. गाण्याचा तर जावाच, फोनवर बोलणाऱ्याचाही गेला पाहिजे.

मग मला गाडीत बसवून त्यांनी नकाशा लावला. मुलाने, रणजितने, तो शिकवला होता. ज्या शिवारात हा माणूस डोळे मिटून चालत वाढला, तिथे आता एक बाई इंग्रजीत त्याला डावीकडे वळायला सांगत होती आणि तो वळत होता. "इथे तुमची कुठली ज्वारी होती?" असं मी विचारलं, तर पडद्याकडे बघूनच म्हणाले, "थांबा साहेब, बाई काय म्हंती बघू."

या सगळ्या वैभवात त्यांच्या थोरल्या बहिणीचा, मुक्ताबाईंचा, पत्ता कुठेच नव्हता. त्या यवतला दिलेल्या. येताना एसटीने यायच्या, जाताना एसटीने जायच्या, आणि यायच्या त्या बहुधा सही करायला. बहिणीने भावाला वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडून द्यायचा आणि भावाने तिला साडी-चोळी करायची, ही आपल्याकडची मोठी मायेची रीत. माया बहिणीने दाखवायची आणि जमीन भावाने, गिऱ्हाइकाला. मुक्ताबाईंनी प्रत्येक तुकड्याला अशी माया दाखवली होती. त्यांच्या ट्रंकेत त्या साड्या असणारच.

एकाच तुकड्यावर त्या अडून बसल्या होत्या. तो विहिरीचा तुकडा, आईच्या नावचा. आईने जाताना दोघांचे हात हातात घेऊन "ह्यो दोघांचा" म्हणून सांगितलं होतं, आणि सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली होती. बजरंगशेठनी साडी दाखवली, दागिना दाखवला, पण मुक्ताबाई हलल्या नाहीत. तेव्हा त्यांनी रस्ता दाखवला. सरकारचा मोठा रस्ता नेमका विहिरीवरून जाणार आहे, म्हणाले. दोघांची नावं राहिली तर तुला या वयात कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतील. माझं एकट्याचं नाव असू दे, खेटे मी घालतो. भावाच्या कष्टांच्या कल्पनेने मुक्ताबाई विरघळल्या आणि सही द्यायला तयार झाल्या.

हे सगळं मला बजरंगशेठनीच सांगितलं होतं, रस्ता खरा आहे असं समजून मी ऐकलंही होतं. रजिस्ट्रेशनला ओळख पटवणारी दोन माणसं लागतात. एक वकिलाचा कारकून तिकडे भेटणार होता, दुसरा मी. मुक्ताबाईंना मी बंगल्यावर एक-दोनदा चहा पिताना पाहिलं होतं, आणि सरकारला तेवढी ओळख पुरते.

उन्हाळ्यातली सकाळ होती. मी पुढे बसलो, मुक्ताबाई मागे. त्यांच्या एका बाजूला पैठणीचा खोका, दुसऱ्या बाजूला त्यांनी यवतहून आणलेली शेंगांची पिशवी. गाडी निघायच्या आधीच बजरंगशेठनी पडद्यावर बोटं फिरवायला सुरुवात केली.

"आक्का, बघ, टीव्ही हाय गाडीत. समदं दिसतं ह्याच्यात."

"मग इहीर दाखव की."

त्यांनी नकाशा ओढला, मोठा केला, सरकवला. आजूबाजूच्या सोसायट्या नावानिशी होत्या, आमच्या सोसायटीच्या समोरचा केक-पेस्ट्रीवालासुद्धा होता. विहिरीच्या जागी नुसता करडा रंग. "हां, हितनंच रस्ता जानार बघ," बजरंगशेठ त्या करड्या रंगावर बोट ठेवून म्हणाले. मुक्ताबाईंनी पुढे वाकून बघितलं आणि पुन्हा मागे टेकल्या.

नगर रस्त्यावर एका रसवंतीपाशी त्यांनी गाडी थांबवली. आक्काला रस पाजायचा होता. तेवढ्यात गाडीभर घंटी वाजली आणि पडद्यावर नाव आलं: कोंडीराम प्लॉटिंग. कोंडीराम म्हणजे आमच्या भागातला जमिनीचा दलाल. बजरंगशेठनी झडप घालून खिशातला फोन काढला. "रेंज न्हाय हितं. एसी चालू ऱ्हाऊ दे, आक्काला उकडंल," असं म्हणून ते उतरले, दार लावलं आणि फोन कानाला लावून लिंबाखाली गेले.

त्यांचा समज असा होता की पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं तर आवाज गाडीत येतो आणि फोन कानाला लावला तर कानात. समजात वाईट काही नव्हतं. फक्त तो त्या पडद्याला कुणी सांगितला नव्हता.

"शेठ! निघाला का?" चारी दारांतून आणि डिकीतून कोंडीराम म्हणाला.

काचेपलीकडे बजरंगशेठ हॅलो हॅलो करत होते. मी दचकून आवाज बंद करायला पडद्यावर बोट टेकवलं, तर तो आणखी वाढला. परत हात पुढे केला तेव्हा मागून माझा दंड धरला गेला. मुक्ताबाईंनी एक बोट ओठांवर ठेवलं होतं. मग मशेरीने घोगरा झालेल्या आपल्या आवाजात त्या म्हणाल्या,

"हं."

गाडीतल्या माइकमधून ते कोंडीरामला पोचलं, आणि त्याला तेवढं पुरलं. तो मुळात दुसऱ्याचं ऐकणारा माणूस नाही.

"पार्टी सकाळधरनं हापिसात येऊन बसलीय. म्हातारी सही करती न्हवं?"

"हं."

"रस्त्याचं पटलं म्हना की तिला! रस्ता कुठं अन् आपन कुठं! मानलं शेठ तुमाला, सख्ख्या भयनीला बिनडांबराचा रस्ता दावला!" आणि तो असा हसला की मागच्या काचा थरथरल्या. "साडी भारी घेतली ना? आता शेवटचंच हाय, हात आखडू नका. अन् भाव कुनाला बोलू नका. तिच्या नातीबितीला कळलं तर हिस्सा मागत्याल."

"हं."

"आवाज का बसलाय शेठ?"

"उकडतंय," मुक्ताबाई म्हणाल्या.

तिकडे लिंबाखाली कंटाळून बजरंगशेठनी फोन बंद केला आणि कोंडीराम निम्म्यात तुटला. मला माणसांची किळस सहसा येत नाही. पेठेत राहिल्यावर एक प्रकारची सवय होते. पण त्या क्षणी आली, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण या कामाला मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. मागे बघायचं धाडस झालं नाही. आरशात दिसलं ते एवढंच, की मुक्ताबाई शेंगांच्या पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या.

बजरंगशेठ रसाचे ग्लास घेऊन आले. "ह्या आयला, एक शब्द ऐकू आला न्हाय."

"कुनाचा हुता?"

"बँकवाल्याचा. लोन घ्या म्हंत्यात."

मुक्ताबाईंनी रस सावकाश संपवला. ग्लास खिडकीतून परत देताना म्हणाल्या, "बजरंग, आईच्या इहिरीला पानी हाय का रं अजून?"

एवढं मऊ बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ती त्या माणसाला दिलेली संधी होती, हे रसवंतीच्या घुंगरांनासुद्धा कळलं असतं.

"आता कसलं पानी आक्का," बजरंगशेठनी गिअर टाकला. "रस्त्यात चाललीया ती."

रजिस्ट्रेशन कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर आला. रजिस्ट्रारसाहेबांनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, "मावशी, स्वखुशीने हक्क सोडताय ना?" हा प्रश्न ते दिवसभर विचारत असतात आणि उत्तर ऐकायची त्यांना कधी गरज पडत नाही. त्यांचा शिक्का हवेत उचललेलाच होता.

"न्हाय," मुक्ताबाई म्हणाल्या.

शिक्का हवेतच राहिला.

"आक्का, अगं हो म्हनायचं असतं," बजरंगशेठ हसत म्हणाले.

"आधी भाव सांग. कोंडीरामाची पार्टी सकाळधरनं बसलीया न्हवं?"

बजरंगशेठचं हसू चेहऱ्यावर तसंच अडकून पडलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे असं बघितलं की आपलं पार्किंग गेलं, एवढं मला नक्की कळलं.

"साहेबांकडं काय बघतुयास? तुझ्या टीव्हीनं सांगितलं. कोंडीरामाचं अन् माझं समदं बोलनं झालंय." एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. "मागितल्या त्या समद्या सह्या दिल्या रं तुला. कवा भाव इचारला न्हाय. अन् आईच्या तुकड्याला तू मला रस्ता दावलास."

"पुढचं कोण आहे?" रजिस्ट्रारसाहेब म्हणाले.

बाहेर येऊन मुक्ताबाईंनी गाडीचं दार उघडलं. पैठणीचा खोका सीटवर तसाच ठेवला आणि शेंगांची पिशवी उचलली. "ह्या तुझ्यासाठी आनल्या हुत्या," त्या भावाला म्हणाल्या, "आता उत्कर्षाला नेते." उत्कर्षा त्यांची नात. मग त्या एसटीच्या थांब्याकडे चालत गेल्या. मी त्यांना हाक मारून सोबत करायला हवी होती, पण घरी जायला मला दुसरी गाडी नव्हती.

परतीच्या वाटेवर बजरंगशेठनी ना नकाशा लावला, ना गाणं. मला वाटलं, माणूस आतून हलला असावा. खराडी ओलांडल्यावर त्यांनी घसा साफ केला.

"साहेब, कोंडीरामाचा आवाज कसा येत हुता? क्लिअर?"

"अगदी."

"मागं आक्कालाबी?"

"अक्षर न अक्षर."

त्यांनी गाडी कडेला घेतली, पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं आणि दुकानदाराला फोन लावून त्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. बहिणीचा त्या दिवशी दुसऱ्यांदा. दुकानदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण शेठ, मागच्या सीटपर्यंत जायला पाहिजे हे तुम्हीच म्हणालात ना?" त्याचंही अक्षर न अक्षर मला ऐकू आलं.

तुकडा पुढच्या वर्षी विकला गेला. पण या वेळी पार्टी यवतला गेली, मुक्ताबाईंच्या ओसरीवर बसली आणि त्यांनी सांगितलेला भाव ऐकून आली. अर्ध्या पैशांचा चेक त्यांच्या नावाने निघाला. त्या महिन्यात आमच्या फाटकाशी एक नवीकोरी छोटी गाडी थांबली. चालवायला उत्कर्षा, शेजारी मुक्ताबाई. त्यांनी बजरंगशेठना बंगल्यातून बोलावून घेतलं आणि मागच्या सीटवर बसवलं. मी कुंपणापाशीच होतो.

"कुठं चाललीस आक्का?"

"तुझ्या दुकानदाराकडं. गाडीत तसला टीव्ही बशिवते," मुक्ताबाई म्हणाल्या. "आपल्या घरात तेवढाच एक खरं बोलतुया."