चाळीस लाद्या आणि एक ओके

कुमारी हेमाली आत्माराम मेहेर, राहणार मुरबे, शिक्षण बीएस्सी, बोईसर येथे पूर्ण. हुद्दा: सहायक, बर्फ वितरण संगणकीकरण, टप्पा एक. टप्पा दोनचा मच्छीमार सोसायटीच्या ठरावात उल्लेख नाही.

टप्पा एक म्हणजे बर्फाच्या खिडकीमागचा जुना संगणक. हेमालीने त्यात फुकटातला एक डेटाबेस घातला होता. त्याची रीत सोपी: एक नाव द्यायचं, त्यापुढे एक आकडा ठेवायचा, पुढे नाव विचारलं की आकडा परत मिळतो. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

"याला माऊस नाय?" चेअरमन भगवंतकाकांनी विचारलं.

"लागत नाय, काका. सगळं टाइप करायचं."

"मग तो विकून टाकू."

हेमालीने लिहिलं: सेट महालक्ष्मीप्रसाद ४०. ही तिच्या बापाची होडी आणि चाळीस लाद्या हा त्या फेरीचा बर्फ. यंत्र म्हणालं, ओके. सोसायटीत कुठल्याही अर्जाला इतक्या लवकर होकार मिळाला नव्हता. काका गहिवरले आणि चहा सांगून आले. तोवर हेमालीने बाकीच्या होड्या यंत्रात भरल्या. प्रत्येकीला ओके.

दुपारी आत्माराम खिडकीशी आला. खाडी भरली होती. ओहोटी लागायच्या आत निघालं नाही तर होडी गाळात बसणार होती. हेमालीने लिहिलं: गेट महालक्ष्मीप्रसाद. पडद्यावर आलं, ५.

"पाच," काका म्हणाले.

"पाच लाद्यांत मी काय करू? सरबत?" आत्मारामचा आवाज धक्क्यापर्यंत गेला.

"यंत्र पाच सांगतंय, आत्माराम. मी काय करणार?"

मागे रांगेत उभी असलेली नर्मदामावशी म्हणाली, "त्या पाच माझ्या हायत."

मावशीच्या होडीचं नावही महालक्ष्मीप्रसाद. नवस सगळ्यांनी एकाच देवीला बोललेला. यंत्राला नवस कळत नाही. त्याच नावावर दुसरा आकडा आला की ते पहिला पुसतं आणि ओके म्हणतं.

"मंग होडीचं नाव कशाला घालतेस?" मावशी म्हणाली. "होडीच्या नावानं गावात कोण ओळखतो? माझं 'चवळी' लिही. लग्नात बारीक होते मी."

हेमालीने चवळीपुढे पाच लिहिले. मग तिची बोटं थांबली. गावात बापाला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. घरात तो शब्द कोणी काढत नसे. खाडीचं पाणी थांबलं होतं, म्हणजे आता उतरणार.

"बाबा, लिहू?"

आत्मारामने धक्क्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. "लिही. पण वाचून दाखवू नको."

तिने लिहिलं: सेट बोंबल्या ४०. पुढे एनएक्स जोडलं, म्हणजे नाव आधीच असेल तर यंत्र पुसणार नाही, नकार देईल. यंत्राने नकार दिला नाही. गावात बोंबल्या एकच होता.

"ओके," काकांनी मोठ्याने वाचलं, आणि नंतर, कोणी विचारलेलं नसताना, वरची ओळही वाचली.

चाळीस लाद्या चढल्या. होडी पाण्यावर असतानाच निघाली. नर्मदामावशी धक्क्यावर बसून बराच वेळ हसत होती.

बर्फ वितरण संगणकीकरण, टप्पा एक, यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचा ठराव पुढच्या सभेत एकमताने मंजूर झाला. सोसायटीच्या संगणकात आत्माराम मेहेर नावाचा कोणी नाही.