कॅप्टनचा खापरपणतू

शारजात मी एका इंग्रज कॅप्टनचा खापरपणतू म्हणून ओळखला जातो. ही ओळख मीच करून दिलेली आहे.

पुरावे दोन. पहिला, माझे घारे डोळे. (रत्नागिरीकडे गावंच्या गावं घारी आहेत, पण ते मी इथे कुणाला सांगत नाही.) दुसरा, घरात जपलेली इंग्रजांच्या काळातली दोन मृत्युपत्रं. एक कॅप्टनसाहेबाचं. त्यात त्याने माझे पणजोबा इब्राहिम यांना आपलं खिशातलं घड्याळ दिलंय. दुसरं साहेबाच्या खानसाम्याचं, ज्याला गाव पणजोबांचा बाप समजायचं. त्या वसीयतीत नारळाची थोडी बाग हवाबी नावाच्या मुलीला दिलीय आणि इब्राहिमचा उल्लेखही नाही! कुठला बाप पोटच्या पोराला असा वगळेल? म्हणजे इब्राहिम साहेबाचाच. खलास.

माझ्या मुलीचं, अल्फियाचं, अबुधाबीच्या फैजानशी जमत आलं होतं. फक्त त्याच्या आजीचा, हलिमाखालांचा होकार बाकी होता. शुक्रवारी आजी-नातू दोघं जेवायला आली. साजिदाने, म्हणजे माझ्या बायकोने, आधीच बजावलं, "आज कॅप्टन काढायचा नाही."

बिर्याणी येईपर्यंत मी कळ काढली. बिर्याणीबरोबर कॅप्टनही आला.

खालांनी घास खाली ठेवला. "साहेबाचं खानदान? आम्ही साधी माणसं, बेटा. कसं जमायचं?"

फैजानचा चेहरा उतरला. अल्फिया पुटपुटली, "अब्बा, प्लीज. जस्ट स्टॉप."

थांबेन तो मी कसला! लेखी पुरावा बघून खाला विरघळतील म्हणून मी मोबाइलवर मृत्युपत्रांचे फोटो उघडले.

"बघा, खानसाम्याने इब्राहिमच्या नावे काही ठेवलंच नाही."

"कसं ठेवणार?" खाला म्हणाल्या. "वारसाच्या नावे वसीयत करतात का? मुलाचा हिस्सा शरियतनेच ठरलेला. वसीयत बाहेरच्यासाठी. नाव नाही, म्हणूनच तो मुलगा. मदरशात शिकवलं नव्हतं तुला?"

शिकवलं होतं. मी मान खाली घातली.

"आणि घड्याळ?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"खानसाम्याच्या पोराला बक्षीस दिलं असेल. माणूस चांगला होता म्हणायचं. बरं, बाग कुणाला दिली?"

मी पडेल आवाजात वाचलं, "हवाबी. अनाथ, माझ्या घरी वाढलेली."

खाला माझ्या मोबाइलवर वाकल्या. मग त्यांनी पदराने डोळे टिपले. "हवाबी माझी आजी. आईबाप साथीत गेले तिचे. एका खानसाम्याने सांभाळलं, बाग देऊन लग्न लावलं, एवढंच ती सांगायची. घर कुणाचं ते आम्हाला कधी कळलं नाही." त्यांनी अल्फियाला जवळ ओढलं. "हे तर माझ्या आजीचं माहेर. इथे नाही कशी म्हणू?"

साजिदा रडली, फैजान हसला, मी दोन्ही केलं. कुणा परक्या पोरीला त्या माणसाने जेवू घातलं आणि त्या पुण्याईवर माझ्या मुलीचं लग्न ठरलं. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. आणि मी मेला आयुष्यभर त्यालाच पूर्वज म्हणून नाकारत फिरलो! साहेबाचं घड्याळ तर आमच्या घरात कधी चाललेलंही नाही.

इतकी वर्षं साहेबाचा वारस म्हणून मी सोफ्यावरून चहा मागवत आलो होतो. साजिदाने नुसतं किचनकडे बोट दाखवलं. मी उठलो आणि खानसाम्याच्या रक्ताला स्मरून मन लावून चहा केला. खालांनी एक घोट घेतला, कप हळूच खाली ठेवला आणि मायेने म्हणाल्या,

"बेटा, तो कागद पुन्हा एकदा वाच. तू साहेबाचाच असशील."